ध्वनिसाहाय्यित मस्तिष्क निरीक्षण

शस्त्रक्रिया, शुद्धिहरण किंवा अतिदक्षता विभागातील उपचार चालू असताना रुग्णाच्या मेंदूचे कार्य कोणत्या अवस्थेत आहे, हे ध्वनीच्या साहाय्याने सतत पाहत राहण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. ध्वनीचा उपयोग यांत तीन प्रकारे केला जातो : (१) कानात ठरावीक ध्वनी सोडून त्याला मेंदूने दिलेला विद्युतीय प्रतिसाद डोक्यावरून नोंदणे, (२) मेंदूत निर्माण होणाऱ्या विद्युत् संदेशांचे ध्वनीत रूपांतर करून ते चिकित्सकाने ऐकणे आणि (३) कवटीतून श्रवणातीत (मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेचे) ध्वनितरंग पाठवून मेंदूतील रक्तप्रवाह अजमावणे. तिसऱ्या प्रकारात तंत्रिका-कोशिकांच्या कार्याचे प्रत्यक्ष मापन होत नसून त्यांना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचे होते. पहिल्या प्रकाराचा उपयोग व अभ्यास सर्वांत अधिक झालेला असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचे विवेचन केले आहे.

निरीक्षणाची गरज : शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या मेंदूची परीक्षा त्याच्याशी बोलून, त्यास हातपाय हलवावयास सांगून किंवा दृष्टी व श्रवण तपासून करता येते. शुद्धिहरण केल्यावर हे सर्व मार्ग बंद होतात. नाडी, रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजन यांचे मापन चालू असते. परंतु त्यांवरून मेंदूविषयी केवळ अप्रत्यक्ष अनुमान करता येते.

विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराच्या साहाय्याने शुद्धिहरणाचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. त्यानंतर जवळजवळ एक शतकभर शुद्धिहरणाची खोली श्वसनाचा प्रकार, बाहुल्यांचा आकार, स्नायूंचा ताण व रुग्णाची हालचाल यांवरून ठरवीत असत. १९४२ मध्ये हॅरल्ड ग्रिफिथ यांनी माँट्रिऑल येथे क्युरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या द्रव्याचा शुद्धिहरणात उपयोग सुरू केला. त्यामुळे शुद्धिहारकाची मात्रा कमी ठेवूनही शस्त्रक्रियेस आवश्यक तेवढी स्नायूंची शिथिलता मिळू लागली व अनेक अवघड शस्त्रक्रिया सुकर झाल्या. मात्र त्याचबरोबर एक नवा धोका उत्पन्न झाला. शुद्धिहारकाची मात्रा अपुरी पडून रुग्ण अंशतः जागा झाला, तरी स्नायू निकामी असल्याने त्यास बोटही हलविता येत नाही. बाहेरून तो शांत झोपलेला दिसतो आणि आतून तो सभोवतालचे बोलणे ऐकत असतो. क्वचित प्रसंगी त्यास वेदनाही जाणवतात. अशा अनुभवानंतर काही रुग्णांना दीर्घकाळ मानसिक त्रास होतो.

ही घटना विरळ आहे. ब्रिटन व आयर्लंड येथे झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत, रुग्णांनी आपण होऊन सांगितलेल्या तक्रारींचे प्रमाण सु. १९,००० शुद्धिहरणांत एक असे आढळले. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्या रुग्णांत ते सु. ८,२०० मध्ये एक, तर ते न दिलेल्यांत सु. १,३५,९०० मध्ये एक होते. पूर्ण शुद्धिहरणाखाली केलेल्या सिझेरियन शस्त्रक्रियांत हे प्रमाण सु. ६७० मध्ये एक इतके होते. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रुग्णास मुद्दाम प्रश्न विचारून केलेल्या इतर पाहण्यांत मात्र हजारी एक ते दोन असे बरेच मोठे प्रमाण आढळले आहे. न विचारता फार थोडे रुग्ण असा अनुभव बोलून दाखवितात, हे त्यावरून दिसून येते.

निरीक्षणाची दुसरी गरज शस्त्रक्रियेच्या जागेमुळे उत्पन्न होते. मेंदूच्या तळाशी काम करताना श्रवण तंत्रिका, चेहऱ्याची तंत्रिका व मस्तिष्क स्तंभ (मेंदू व मेरुरज्जू यांना जोडणारा भाग) यांवर ताण पडण्याचा संभव असतो. झालेली इजा रुग्ण शुद्धीवर आल्यावर कळून उपयोग नसतो. ती टाळता येण्याजोगी असतानाच कळावयास हवी.

ध्वनीच उद्दीपक म्हणून का : डोळ्यांवर प्रकाश टाकून किंवा हातापायांतील तंत्रिकेला सौम्य विद्युत् झटका देऊनही मेंदूचा प्रतिसाद मिळविता येतो व त्या पद्धतीही प्रचारात आहेत. ध्वनीचे काही विशेष फायदे आहेत. कानाला पापणी नसते. त्यामुळे निद्रिस्त किंवा बेशुद्ध व्यक्तीच्या कानापर्यंत उद्दीपन विनाअडथळा पोहोचते. उद्दीपन निरुपद्रवी असून शस्त्रक्रियेत व्यत्यय न आणता तासन्‌तास देता येते. याखेरीज ध्वनिसंदेशाचा मार्ग श्रवण तंत्रिकेपासून मस्तिष्क स्तंभ, थॅलॅमस व अखेरीस मेंदूचे बाह्यक (पृष्ठभागावरील करड्या द्रव्याचा थर) असा क्रमाने जात असल्यामुळे, एकाच प्रतिसादाच्या निरनिराळ्या भागांवरून निरनिराळ्या पातळ्यांवरील कार्य अजमाविता येते.

इतिहास : रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये लिव्हरपूल येथे सशांच्या व माकडांच्या मेंदूत विद्युत् प्रवाह असल्याचे दाखवून दिले. जर्मनीतील येना येथील हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युत् आलेख १९२४ मध्ये प्रथम मिळविला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला [⟶ विद्युत् मस्तिष्कालेखन]. ध्वनी ऐकविल्यावर जागृत माणसाच्या आलेखात होणारा बदल पॉलिन डेव्हिस यांनी १९३९ मध्ये वर्णिला. परंतु हा प्रतिसाद मेंदूच्या स्वयंस्फूर्त तरंगांच्या तुलनेने फार दुर्बल असल्याने तो सहजासहजी दिसत नसे. लंडन येथील जॉर्ज डॉसन यांनी अनेक प्रतिसादांची बेरीज करून लहान संकेत उठावदार करण्याचे यंत्र १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार केले व या क्षेत्राचा पाया घातला. १९५८ मध्ये सी. डी. गाइस्लर व त्यांचे सहकारी यांनी, ध्वनीनंतर काही दशांश मिलिसेकंद नव्हे तर काही दशक मिलिसेकंदांनी येणारा प्रतिसाद संगणकाच्या साहाय्याने नोंदला. डॉन ज्युएट व जॉन विलिस्टन यांनी १९७१ मध्ये पहिल्या १० मिलिसेकंदांत उमटणाऱ्या सात लहान तरंगांचे सविस्तर वर्णन करून त्यांना रोमन अंक दिले. तीच अंकनपद्धती आजही रूढ आहे.

प्रतिसादाचे स्वरूप : कानावर टिचकीसारखा क्षणिक ध्वनी पडल्यानंतर मिळणाऱ्या प्रतिसादाचे कालमानानुसार तीन विभाग करतात.

(१) शीघ्र प्रतिसाद : हा पहिल्या सु. १० मिलिसेकंदांत येतो व तो श्रवण तंत्रिका आणि मस्तिष्क स्तंभ यांत निर्माण होतो. प्रौढ व्यक्तीत पहिला तरंग सु. १.७, तिसरा सु. ३.९ व पाचवा सु. ५.७ मिलिसेकंदांनी उमटतो. पहिला तरंग श्रवण तंत्रिकेच्या अंतर्कर्णाकडील टोकाशी, दुसरा तिच्या मेंदूकडील भागात, तर तिसरा मस्तिष्क स्तंभातील श्रवण केंद्रकाच्या परिसरात उत्पन्न होतो. पाचव्या तरंगाचा उगम मध्यमस्तिष्काकडे जाणाऱ्या श्रवणमार्गात असून तो सर्वांत ठळक व टिकाऊ असतो. पहिल्या व पाचव्या तरंगांतील अंतर निरोगी माणसात सु. ४ मिलिसेकंद असते. कानातील दोषामुळे सर्वच तरंग लांबतात. हे अंतर वाढल्यास मात्र दोष तंत्रिकेत किंवा मस्तिष्क स्तंभात आहे, असे समजतात.

(२) मध्यम प्रतिसाद : हा सु. १० ते ५० मिलिसेकंदांच्या दरम्यान येतो व त्याचा उगम थॅलॅमस आणि शंखखंडातील श्रवण बाह्यक यांत असतो. सु. ३० मिलिसेकंदांनी येणारे धन शिखर व त्यानंतर सु. ४० ते ४५ मिलिसेकंदांनी येणारी ऋण दरी ही यातील महत्त्वाची चिन्हे होत. शुद्धिहरणाची खोली अजमाविण्यास हाच विभाग उपयोगी पडतो.

(३) विलंबित प्रतिसाद : हा ५० मिलिसेकंदांनंतर येतो. सु. १०० व २०० मिलिसेकंदांचे तरंग, अनपेक्षित ध्वनीनंतर येणारा विसंगतिदर्शक ऋण तरंग आणि लक्ष दिलेल्या ध्वनीनंतर सु. ३०० मिलिसेकंदांनी येणारा धन तरंग हे यात मोडतात. हा विभाग जागृती, लक्ष व आकलन यांवर अवलंबून असल्याने सौम्य शुद्धिहरणातही क्षीण होतो.

नोंदणीचे तत्त्व : स्वयंस्फूर्त मस्तिष्क-तरंगांचा दाब सर्वसाधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट (१ मायक्रोव्होल्ट = व्होल्टचा दशलक्षांश) असतो. याउलट पाचव्या तरंगाचा परमप्रसर जेमतेम अर्धा मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून कमी असतो. भर जत्रेत एखाद्याने कुजबुजावे, तशी या संकेताची स्थिती असते. तो वेगळा काढण्यासाठी सरासरीचे तत्त्व वापरतात. प्रत्येक टिचकीनंतरचा आलेख टिचकीच्या क्षणापासून मोजून एकमेकांवर ठेवला, तर प्रतिसाद प्रत्येक वेळी त्याच क्षणी येत असल्याने त्याची भर पडत जाते. स्वयंस्फूर्त तरंग कधी धन तर कधी ऋण असल्याने परस्परांना खोडून काढतात. संकेताचे गोंगाटाशी असलेले गुणोत्तर आवर्तनांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात सुधारते. १,६०० आवर्तने घेतल्यास ही सुधारणा ४० पट होते.

या तत्त्वाला किंमत मोजावी लागते ती वेळेच्या रूपाने. सेकंदास सु. ११ टिचक्या या वेगाने २,००० आवर्तनांना सु. ३ मिनिटे लागतात. तंत्रिकेवर पडलेला ताण तेवढ्या अवधीत कायमची इजा करू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी टिचक्यांचा वेग वाढवितात, कमी आवर्तनांवर भागवितात किंवा संगणकाकडून सरासरी सतत अद्ययावत करून घेतात. टिचक्यांचा वेग मुद्दाम विषम ठेवतात. भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. टिचक्या सेकंदास नेमक्या १० दिल्यास विजेचा प्रत्येक फेरा टिचकीशी एकाच कलेत येईल व सरासरीत नाहीसा होण्याऐवजी त्याचीही भर पडत जाईल. वेग ११.१ असा ठेवल्याने हा दोष टळतो.

उपकरणे व कृती : टाळूवर व दोन्ही कानांच्या पाळ्यांवर किंवा कानामागील हाडावर विद्युत् अग्रे बसवितात. शस्त्रक्रियेत डोक्यावर मोठे इयरफोन ठेवणे शक्य नसल्याने कानाच्या मार्गात मऊ फेसाचे बूच बसवून त्यास प्लॅस्टिकची बारीक नळी जोडतात व नळीच्या दुसऱ्या टोकाला ध्वनिजनक असतो. ध्वनी हवेत १ मिलिसेकंदात सु. ३४ सेंमी. जात असल्याने नळीतील प्रवासास लागणारा वेळ हिशोबात धरावा लागतो. दूर ठेवलेल्या ध्वनिजनकामुळे विद्युत् उद्दीपनाचा क्षण व ध्वनीचा क्षण वेगळे होतात आणि नोंदीच्या सुरुवातीचा विद्युतीय गोंधळ पहिल्या तरंगावर पडत नाही, हा त्याचा लाभ आहे. ध्वनी म्हणून एकदशांश मिलिसेकंदाचा विद्युत् स्पंद वापरून निर्माण केलेली टिचकी देतात. ती सामान्य श्रवणसीमेपेक्षा सु. ७० डेसिबेल मोठी असते. कवटीच्या हाडातून ती दुसऱ्या कानासही पोहोचत असल्याने त्या कानात सौम्य गोंगाट सोडून तो झाकून टाकतात.

शुद्धिहरणानंतर परंतु कापण्यापूर्वी रुग्णाचा आधारभूत आलेख घेतात व पुढील प्रत्येक आलेखाची तुलना त्याच्याशी करतात. रुग्ण स्वतःच स्वतःचे मानक असल्याने वय, लिंग व पूर्वीचे श्रवणदोष यांमुळे येणारे फरक गौण ठरतात.

शस्त्रक्रियेतील उपयोग : निमस्तिष्क व मस्तिष्क स्तंभ यांमधील कोनात होणाऱ्या शस्त्रक्रियांत या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग होतो. श्रवण तंत्रिकेचे अर्बुद काढणे, चेहऱ्यात तीव्र कळा आणणाऱ्या त्रिशाखी तंत्रिकाशूलावर किंवा चेहऱ्याच्या एका बाजूच्या आचक्यांवर तंत्रिकेला टेकलेली रक्तवाहिनी बाजूस करणे, या त्या शस्त्रक्रिया होत. पिट्सबर्ग येथे पीटर जनेटा यांनी रक्तवाहिनी बाजूस करण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रसार केला. तेथेच ऑगे म्यूलर व जनेटा यांनी १९८१ च्या सुमारास उघड्या श्रवण तंत्रिकेवरून प्रत्यक्ष नोंदी घेऊन दुसरा तरंग तंत्रिकेच्या कवटीतील भागातच उत्पन्न होतो, असे दाखविले.

अशा शस्त्रक्रियेत निमस्तिष्क हळुवारपणे बाजूला धरावे लागते. त्याबरोबर श्रवण तंत्रिका ताणली जाते व तिच्यातील संदेशवहन मंदावते. पाचव्या तरंगास आधारभूत आलेखापेक्षा सु. १ मिलिसेकंद उशीर झाल्यास किंवा त्याचा परमप्रसर निम्म्याने घटल्यास निरीक्षक शस्त्रक्रियाविशारदास इशारा देतो. निरीक्षक प्रथम कानातील नळी निसटली किंवा दुमडली नाही ना, शुद्धिहारकाची मात्रा, रक्तदाब वा शरीराचे तापमान बदललेले नाही ना, याची खात्री करून घेतो. त्यानंतर शस्त्रक्रियाविशारद निमस्तिष्कावरील ताण सैल करतो व काही मिनिटे थांबतो. बहुधा तरंग पूर्वपदावर येतात व काम पुढे चालू करता येते. ताण कोठे व किती द्यावा, हे या परतीच्या माहितीवरून शिकता आल्यामुळे चेहऱ्याच्या आचक्यांवरील शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या बहिरेपणाचे प्रमाण कमी झाले. पाचवा तरंग अचानक नाहीसा होऊन परत न येणे हे श्रवणनाशाचे चिन्ह मानतात. तथापि तरंग नाहीसा होऊनही नंतर ऐकू येत असल्याची उदाहरणे आहेत.

शरीर थंड केल्यास तंत्रिकांतील संदेशवहन मंदावते व तापमान १° से. ने उतरले असता पाचव्या तरंगास सु. ०.२ मिलिसेकंद उशीर होतो. महारोहिणीवरील ज्या शस्त्रक्रियांत रक्ताभिसरण काही काळ पूर्णपणे थांबवावे लागते, त्यांत शरीर सु. २०° से. पर्यंत थंड करतात. त्या सुमारास हे तरंग लोप पावतात. शरीर पुन्हा उबदार होताना ते परत येतात.

शुद्धिहरणाच्या खोलीचे मापन : लंडन येथील सी. थॉर्न्टन व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले की, हॅलोथेन, एन्फ्ल्युरेन यांसारख्या शुद्धिहारकांची मात्रा वाढवीत गेल्यास मध्यम प्रतिसादाची शिखरे खुजी होतात व उशिरा येतात. मात्रा कमी केल्यावर ती पूर्ववत् होतात. शस्त्रक्रियेतील छेदाच्या उद्दीपनाने ती पुन्हा काहीशी उंचावतात, म्हणजेच शुद्धिहारक आणि वेदना यांतील तोलही त्यांत उमटतो. शीघ्र प्रतिसादावर या औषधांचा परिणाम थोडा होतो. त्यामुळेच मस्तिष्क स्तंभाच्या निरीक्षणास शीघ्र आणि शुद्धीच्या निरीक्षणास मध्यम, अशी विभागणी झाली आहे. ग्लासगो येथील एच. मँट्झरिडिस व जी. केनी यांनी १९९७ मध्ये आलेखाच्या आकारावरून एकच अंक काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आलेख वाचण्याचे विशेष शिक्षण नसलेल्या शुद्धिहरणतज्ज्ञासही त्यामुळे तो वापरता येऊ लागला.

सेकंदास सु. ४० टिचक्या दिल्यास लागोपाठचे मध्यम प्रतिसाद एकमेकांत मिसळून ४० हर्ट्‌झचा एक स्थिर तरंग तयार होतो. रॉबर्ट गॅलम्बॉस व त्यांचे सहकारी यांनी तो १९८१ मध्ये वर्णिला. शुद्धी हरपते तेव्हा हा तरंग लक्षणीय रीतीने दबतो, असे जी. प्लुर्ड व टी. पिक्टन यांनी १९९० मध्ये दाखविले.

या सर्व मापनांना सर्वच औषधे सारखी दाद देत नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकांचा मध्यम प्रतिसादावर परिणाम अल्प असतो, तर केटामीन दिलेल्या रुग्णाची शुद्धी हरपूनही प्रतिसाद बराचसा टिकून राहतो. ध्वनिप्रतिसादाऐवजी स्वयंस्फूर्त मस्तिष्क-तरंगांवरून अंक काढणारी उपकरणे १९९६ पासून अमेरिकेत प्रचारात आली व ती वापरण्यास सोपी असल्याने अधिक पसरली. बाष्परूप शुद्धिहारकाचे उच्छ्वासातील प्रमाण मोजणे, हाही एक विश्वासार्ह मार्ग आहे.

ध्वनीचा याहून साधा उपयोग एम. टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये सुचविला. स्नायुशिथिलक देण्यापूर्वी रुग्णाच्या एका दंडावर रक्तदाबमापकाचा पट्टा फुगवितात. त्यामुळे औषध त्या हातापर्यंत पोहोचत नाही व तो हात हलू शकतो. मग रुग्णास नावाने हाक मारून हात दाबावयास सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांत केलेल्या एका अभ्यासात, श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ रुग्णांनी सांगितल्याप्रमाणे हात दाबला. शस्त्रक्रियेनंतर आठवण न राहणे म्हणजे त्या वेळी जाणीव नसणे असे मानता येत नाही, हे या प्रयोगांवरून स्पष्ट झाले.

अतिदक्षता विभागातील उपयोग : गाढ बेशुद्धीतील रुग्णात शीघ्र प्रतिसाद टिकून असल्यास मस्तिष्क स्तंभाचा श्रवणमार्ग शाबूत असल्याचे कळते. विसंगतिदर्शक तरंगासाठी एकसारखे स्वर ऐकवीत मध्येच एखादा वेगळा स्वर टाकतात. त्या वेगळेपणाची नोंद मेंदू घेत असल्यास रुग्ण शुद्धीवर येण्याचा संभव अधिक असतो, असे १९९० नंतर झालेल्या अभ्यासांत आढळले आहे. हा तरंग न मिळाल्यास मात्र रुग्ण शुद्धीवर येणारच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू झाला असता पहिला तरंग फार तर टिकतो व पुढील सर्व लोप पावतात. असे असले तरी भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाखाली हे निदान वैद्यमंडळाने चिकित्सेने, म्हणजे मस्तिष्क स्तंभाच्या प्रतिक्षेपी क्रिया व स्वतःहून श्वास घेण्याची क्षमता तपासून, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करावयाचे असते. ध्वनिप्रतिसादाचा पुरावा त्यासाठी अनिवार्य नाही.

मेंदूचे संदेश ऐकणे : तंत्रिकांतील स्पंद ध्वनिवर्धकातून (लाउडस्पीकरमधून) ऐकण्याची प्रथा केंब्रिज येथील एडगर एड्रिअन यांच्या प्रयोगशाळेपासून रूढ झाली. एका भेकाच्या दृष्टितंत्रिकेला विद्युत् अग्रे जोडलेली असताना जवळजवळ अंधाऱ्या खोलीत ध्वनिवर्धकातून वारंवार आवाज येऊ लागले. आपण स्वतः खोलीत हिंडत असून भेकाचा डोळा ती हालचाल टिपत आहे, हे एड्रिअन यांच्या नंतर लक्षात आले. त्यांनी व बी. एच. सी. मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये बेर्गर यांच्या तरंगांना दुजोरा दिला, तेव्हा मस्तिष्क-तरंगही ध्वनिरूपाने ऐकले.

शस्त्रक्रियाविशारदाचे डोळे सूक्ष्मदर्शकाला लागलेले असतात. कान मात्र मोकळे असतात. चेहऱ्याच्या स्नायूंतील विद्युत् संदेश ध्वनिवर्धकातून ऐकविल्यास, चेहऱ्याच्या तंत्रिकेला हत्यार लागताच तडतड ऐकू येते व हात आपोआप थांबतो. रक्तातील ऑक्सिजन उतरताच स्वर खाली जाणारे नाडी-उपकरण प्रत्येक शस्त्रक्रियागृहात याच तत्त्वावर चालते. कंपवातावर मेंदूत खोलवर विद्युत् अग्र बसविण्याच्या शस्त्रक्रियेत अतिसूक्ष्म अग्र मिलिमीटरच्या अंशांनी पुढे सरकवीत तंत्रिका-कोशिकांचे स्पंद ऐकतात. थॅलॅमसखालील केंद्रकात शिरताच पार्श्वभूमीचा आवाज एकदम दाट होतो. पत्र्यावर पाऊस पडत असल्याची उपमा त्यास देतात. त्यापलीकडील केंद्रकात स्पंद अधिक नियमित व वेगवान ऐकू येतात. अनुभवी कानाला या फरकावरून स्थान निश्चित करता येते.

अपस्माराचे काही झटके शरीराची हालचाल न होता केवळ मेंदूत चालू राहतात. ते ओळखण्यास तज्ज्ञाने आलेख वाचावा लागतो व मध्यरात्री तज्ज्ञ मिळणे कठीण असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील तंत्रिकातज्ज्ञ जोसेफ पर्विझी व संगीततज्ज्ञ क्रिस चॅफ यांनी मस्तिष्क-तरंगांचे मानवी स्वरासारख्या ध्वनीत रूपांतर करण्याची पद्धत तयार केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, थोडे शिक्षण दिलेल्या परिचारिकांना व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना केवळ ऐकून बहुतेक सर्व झटके ओळखता आले. मात्र झटका नसताना तो असल्याचा भासही त्यांना बऱ्याच वेळा झाला. म्हणून ही पद्धत प्राथमिक चाळणी म्हणून उपयुक्त असून अंतिम निदान आलेखावरूनच करतात.

श्रवणातीत ध्वनी : रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग पाठवून मेंदूच्या रोहिण्यांतील रक्ताचा वेग डॉप्लर परिणामाच्या आधारे मोजला. रक्ताचा वेग सेकंदास ६० सेंमी. असल्यास परत येणाऱ्या तरंगाच्या कंप्रतेत सु. १,५५० हर्ट्‌झचा फरक पडतो. हा फरक नेमका मानवी श्रवणाच्या पल्ल्यात येत असल्याने तो तसाच ऐकता येतो. मानेतील रोहिणी स्वच्छ करण्याच्या किंवा हृदयावरील शस्त्रक्रियेत रक्तातून हवेचा बुडबुडा अगर गुठळीचा कण मेंदूकडे गेल्यास क्षणिक चिवचिव ऐकू येते व त्याचा उगम शोधण्याची संधी मिळते [⟶ श्रवणातीत ध्वनिकी].

मर्यादा : पूर्ण बहिऱ्या कानातून प्रतिसाद मिळत नाही, त्यामुळे ज्यांची श्रवणशक्ती आधीच गेली आहे त्यांना पहिल्या प्रकाराचा लाभ नाही. कानामागील हाडात छिद्र करणाऱ्या यंत्राच्या आवाजात टिचकी बुडून जाते आणि रक्तवाहिन्या डागण्याच्या विद्युत् उपकरणामुळे नोंदणी थांबवावी लागते. मस्तिष्क स्तंभाचा श्रवणमार्ग हा त्याच्या छेदाचा लहानसा भाग असल्याने, तो शाबूत असूनही शेजारील मार्गांना इजा झालेली असू शकते. तसेच मेंदूचे बाह्यक व्यापक प्रमाणात नष्ट झालेल्या रुग्णातही शीघ्र प्रतिसाद निरोगी असू शकतो. म्हणून अशा आलेखाचा अर्थ ‘रुग्णास ऐकू येते’ किंवा ‘तो शुद्धीवर आहे’ असा करणे चुकीचे ठरते. शुद्धी म्हणजे काय, याचे सर्वमान्य भौतिक माप अद्याप उपलब्ध नाही. उपलब्ध अंक हे तिच्या संभवाचे निदर्शक होत. या कारणांमुळे ध्वनिप्रतिसाद इतर तंत्रिकामार्गांच्या प्रतिसादांबरोबर व शुद्धिहरणतज्ज्ञाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाबरोबर वापरतात.

शस्त्रक्रियागृहाबाहेर याच तत्त्वाचा सर्वांत मोठा उपयोग तान्ह्या मुलांची श्रवणपरीक्षा करण्यासाठी होतो. ‘बेरा’ या नावाने भारतात परिचित असलेली ही चाचणी झोपलेल्या मुलावर करता येते व बोलू न शकणाऱ्या बालकाचा बहिरेपणा वेळेवर ओळखून त्यावर इलाज सुरू करता येतो. शुद्धिहरणातील अनुभवांच्या पाहण्यांवरून आणखी एक व्यावहारिक धडा मिळतो. रुग्णांनी नंतर सांगितलेल्या आठवणींत ऐकलेल्या बोलण्याचे स्थान मोठे असते. त्यामुळे उपकरण असो वा नसो, बेशुद्ध रुग्णाशेजारी बोलताना तो ऐकत आहे असे धरूनच बोलावे, असा दंडक शुद्धिहरणशास्त्रात घालून दिला जातो.